डब्लिनची बॅग

डब्लिनला शिकायला निघालेल्या सलोनीची बॅग काही केल्या बंद होईना, तेव्हा बाबाच झाकणावर बसले. येरवड्याच्या वस्तीतून परदेशी चाललेली ती पहिलीच. चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, सत्काराला जमलेली माणसं अंगणात चहा पीत होती. खोलीत दोघंच होती. सलोनीने महिनाभर मनात ठेवलेलं बोलून टाकलं. “बाबा, मला नाही जायचं. तुमचा हिरमोड नको म्हणून फॉर्म भरला होता.” “मलाही तुला पाठवायचं नव्हतं गं,” बाबा हळूच म्हणाले. “तुझी हौस मोडायला नको, म्हणून गप्प राहिलो.” “मग आता?” सलोनीने विचारलं. तेवढ्यात आई हार घेऊन आली, मागोमाग शेजारीपाजारी. “सुखदेव, करमेल का रे?” कुणीतरी बाबांना विचारलं. “पोरगीच थांबायला तयार नाही,” बाबा हसून म्हणाले, आणि सलोनीने हारासाठी मान पुढे केली.