उत्तर न तपासता

प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टीमला थेट हाक मारून काम सांगणं जोखमीचं, म्हणून मॅडम अशा प्रत्येक हाकेभोवती कोडचं सुरक्षित कवच लिहायच्या. “समोरून काय उत्तर आलंय ते नीट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही,” असं त्या उठताबसता ऑफिसला सुनवायच्या आणि जो चुकेल त्याची बिनपाण्याने करायच्या.

आज अशीच एकाची हजेरी घेत असताना मधेच लेकीचा फोन आला. ती बराच वेळ काकुळतीने काहीतरी विचारत होती. स्क्रीनवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या, “हो गं राणी, चालेल. ठेवू आता?”

संध्याकाळी घरी येऊन बेल वाजवली, तर एका अनोळखी तरुणाने लाजत दार उघडलं.



“या ना, आई! तुम्ही चालेल म्हणालात, म्हणून आम्ही दुपारीच लग्न उरकून घेतलं.”