खाणीबाहेरचे काका

थोरलीच्या लग्नाच्या वर्षी शिंपी पन्नाशीला टेकला. त्याचे वडील, आजोबा, भाऊ, तिघेही पन्नाशी न ओलांडता गेलेले. लग्नासाठी त्यानं सगळ्यांचे कोट शिवले, पण स्वतःचं कापड कापलंच नाही. "कशाला वाया घालवू? घालायला मी उरलो तर ना!" संख्याशास्त्र शिकणारी धाकटी वैतागली. "बाबा, घराण्यात खोट नाही असंच धरायचं. पक्का पुरावा मिळाला तरच ते सोडायचं." "तीन मरणं म्हणजे पुरावा नाही?" "तिघंही दगडखाणीत राबले, धुळीनं गेले. नमुना सगळा खाणीतलाच घेतलात! बाहेरचे कुठायत?" शिंप्याला आठवलं, खाणीत पाऊलही न टाकलेले दोन्ही काका ऐंशी ओलांडून अजून कॅरमवरून भांडत होते. त्याचा जीव भांड्यात पडला. गळ्यातली टेप त्यानं तिला दिली. "घे माप. सैलच ठेव, पोट सुटेल पुढं." शिंपी चौऱ्याऐंशीव्या वर्षी, उन्हाळ्यात वारला.