तारेला बांधलेली चिठ्ठी

काल क्योतोच्या इस्पितळात डॉक्टर दहा मिनिटं जपानीत बोलले. मुलानं आईला मराठीत एवढंच सांगितलं, "साधी गाठ आहे." तिला ते पटलं नव्हतं.

आज जुन्या शिंतो देवळात तिनं भविष्याची चिठ्ठी काढली. त्यानं वाचली, "उत्तम आहे, आई," म्हणाला आणि घाईघाईनं तिथल्या तारेला बांधून टाकली.

मागून मराठी सहलीचा गाइड ओरडला, "मंडळी, चिठ्ठी चांगली निघाली तर घरी न्या. वाईट निघाली तर इथंच तारेला बांधा. देवस्थळी काका, तुम्ही दोन बांधा!"

सगळे हसले. मुलगा आईची नजर टाळत होता.

तिनं चिठ्ठी सोडवून पर्समध्ये ठेवली. "माझी आहे, माझ्याजवळ राहू दे. बस इथं. डॉक्टर काय म्हणाले, ते आता काही न गाळता सांग."