शेवटच्या खोलीतला खांब

"वाट नाही," प्रोग्रामने पुन्हा तेच सांगितलं.

तिने लॅपटॉप काकांकडे वळवला. काका आपल्या घरातल्या खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होते. कॉम्प्युटरवरचा हा खेळ त्यांनीच बनवलेला. फरश्या ढकलत ढकलत खुणेच्या घरांवर न्यायच्या, की खोलीचं दार उघडतं. फरशी ढकलता येते, ओढता येत नाही; मधले खांब तर हलतच नाहीत. कोपऱ्यात गेली की बसा बोंबलत. एका पिढीच्या नाकी नऊ आणलेला हा खेळ आता हातात मावणाऱ्या नव्या यंत्रावर यायचा होता. तो आणायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. काकांच्या खेळाला परक्या कुणी हात लावलेला तिला खपला नसता.

यंत्रवाल्या कंपनीची एक अट होती: प्रत्येक खोली सुटते, हे दाखवून द्या. म्हणून तिने सगळ्या चाली करून बघणारा प्रोग्राम लिहिला. बाकीच्या खोल्या त्याने चहा निवायच्या आत सोडवल्या आणि शेवटच्या खोलीत येऊन तो अडला. तिला वाटलं, खेळ उतरवून घेताना आपणच कुठेतरी माती खाल्ली. तिने जुना खेळ काढून एकेक घर ताडून पाहिलं. चूक तिची नव्हती.

"काका, ही शेवटची खोली सुटतच नाही."

काका दचकतील, निदान 'काहीतरीच काय' असं तरी म्हणतील, अशी तिची अपेक्षा होती. त्यांनी चष्मा चढवला आणि स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "कळलं तर तुला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"खेळ दुकानांत गेल्यावर कळलं." काका उठून आले आणि त्यांनी मधल्या खांबावर बोट ठेवलं. "हा एक घर उजवीकडे हवा होता. खोलीचा नकाशा भरताना हात चुकला माझा. विकला गेलेला खेळ परत कसा बोलावणार? आणि मग लोकच म्हणायला लागले, शेवटची खोली भल्याभल्यांना सुटत नाही. त्या एका खोलीवर खेळ चालला, छकुले. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लोकांचं तिला काही पडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे होता तो बाबांचा पलंग. अंथरुणाला खिळल्यावर बाबा कीबोर्ड मांडीवर घेऊन हाच खेळ खेळत असत. बाकीच्या खोल्या सुटल्या, ही राहिली. काका रोज संध्याकाळी येत, जोडे काढून थेट बाबांच्या उशाशी बसत.

"बाबांना तुम्ही 'सोपी आहे रे, जरा डोकं लाव' म्हणायचात."

"त्याचं मन रमत होतं गं. सांगितलं असतं तर तेवढाही नाद सुटला असता. दुसरं होतं काय त्याच्यापाशी?"

"मन रमत नव्हतं, काका. 'माझ्याच डोक्यात भुसा भरलाय' म्हणायचे. शेवटपर्यंत तेच म्हणत गेले."

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, परीक्षेच्या दिवशी ठेवायचे तसाच. "खांब हलवू नकोस. कंपनीला मी समजावतो. लोक हा खेळ घेतील ते त्या खोलीसाठीच."

वैरी समोरून येतो, त्याच्या तोंडावर दार तरी लावता येतं. या माणसाला रोज संध्याकाळी तिने स्वतः दार उघडलं होतं, पाणी दिलं होतं, आणि तो तिच्याच घरात बसून बाबांचा केसाने गळा कापत होता. तिला इतका संताप आला की रडूही येईना. तिने खांदा सोडवून घेतला आणि खांब एक घर उजवीकडे सरकवला.

"ऐकतेस ना मी काय म्हणतोय ते?"

तिने बदललेला खेळ छोट्या यंत्रावर घातला आणि शेवटची खोली उघडली. प्रोग्राम काही तिने पुन्हा चालवला नाही. तिची बोटं बटणांवर गेली आणि ती पुटपुटायला लागली. त्या दिवसांत पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलं की भिंतीतून हेच ऐकू यायचं; बाबा पाढे म्हणावेत तशा चाली म्हणायचे. "वर, वर, डावीकडे. खाली. पुन्हा डावीकडे."

काकांनी मान वर केली.

"इथे अडतं," ती बाबांसारखंच म्हणाली. "ही फरशी सरकली असती, तर मग खाली, उजवीकडे, वर, आणि झालं."

फरशी सरकली. खाली, उजवीकडे, वर. शेवटची फरशी खुणेवर जाऊन बसली आणि दार उघडलं.

"हे सगळं तुम्हीही ऐकत होतात," ती म्हणाली. "अगदी उशाशी बसून."

तिने यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

शेवटचं दार उघडल्यावर वाजणारी धून काकांनीच रचलेली होती. ती आजवर कुणाच्याही घरात वाजली नव्हती. आता ती खोलीभर वाजू लागली, आणि संपली की पहिल्यापासून सुरू होऊ लागली. काका आवाज बंद करायचं बटण शोधत यंत्र उलटंसुलटं करत राहिले. बटण कुठे आहे ते तिला माहीत होतं. ती पायात चपला सरकवून बाहेर पडली.