चौथं शील

नाशिकरोडच्या विहारात रत्नमालाताई माईकवर पंचशील सांगायच्या आणि बायका त्यांच्यामागून म्हणायच्या. या पौर्णिमेला तिसरं शील झालं आणि पुढचं आठवेचना. समोरून कुणीतरी "मुसावादा" असं पुटपुटलं. गेल्या पौर्णिमेलाही असंच झालं होतं, तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं सांगून वेळ मारून नेली होती. पण चौथं शील नेमकं खोटं न बोलण्याचं. त्यांनी माईक घट्ट धरला. "माझी पाळी जातेय." सवयीने सगळ्या मागून म्हणाल्या, "माझी पाळी जातेय." तरुण पोरी फिसकन हसल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात हार्मोन कमी होतात, मग मेंदूला शब्द सापडायला वेळ लागतो. घरी सगळे हसतात. मला वेड लागलेलं नाही." मग पुढच्या रांगेतल्या पन्नाशीतल्या एक बाई जोडलेल्या हातांनी एकट्याच मागून म्हणाल्या, "मला वेड लागलेलं नाही."