दीड मात्रा

"इथे," देवव्रतने स्क्रीनवर पेन टेकवलं, "इथे तू अडली आहेस."

अंधेरीच्या त्या स्टुडिओत तिघंच होती. गाणं श्रुतिकाचं होतं. शब्द, चाल, आवाज, सगळं तिचं. घरी माइक लावून केलेलं ते गाणं हल्ली लग्नांत, गच्च्यांवर, रिक्षांत वाजत होतं. आता ते एका सिनेमात जायचं होतं. देवव्रत त्याचा संगीत संयोजक. मागे सोफ्यावर बसलेली सुलक्षणा म्युझिक कंपनीची. तिला आज श्रुतिकाचा होकार हवा होता.

देवव्रतने ती ओळ पुन्हा लावली. 'संध्याकाळी वेळ काढ'. मग काहीच नाही. मग 'भांडुपला ये'.

"चाल साधी आहे, पण डोक्यातून जात नाही. का जात नाही, सांगतो." असं उलगडून सांगायला त्याला आवडायचं. "'काढ'वर तू रिषभावर थांबतेस. खाली पंचमाचा कॉर्ड. म्हणजे कानाला आता घरी जायचंय, षड्जावर. समेवर 'भां' आला की तो सुटला. पण समेवर तू गप्प. ढोलकी गप्प, बेस गप्प. शब्द येतो दीड मात्रा उशिरा."

"लोकांना आवडलंय ते," श्रुतिका म्हणाली.

"मोबाइलवर लोक काहीही चालवून घेतात गं," सुलक्षणा म्हणाली. "थिएटरमध्ये आवाज गेला की वाटतं स्पीकर बिघडला. रेडिओवाले तर हातच लावणार नाहीत."

"मला ते भ... भ..."

"भन्नाट वाटतं? मलाही वाटतं. पण प्रॅक्टिकल हो ना."

श्रुतिकाला 'भरलेलं नकोय' म्हणायचं होतं, ती जागा रिकामीच हवी होती. पण वाक्य आता सुलक्षणाचं झालं होतं.

हे तिला नवीन नव्हतं. तिची जीभ सगळ्यात जास्त अडायची ती स्वतःच्या पत्त्यावर, भांडुपच्या 'भ'वर. रिक्षावाले विचारायचे, भाईंदर? भिवंडी? पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या सुगंधाबाईंनी असंच तिच्या तोंडात भाईंदर घातलं, आणि कंटाळून तिने मान हलवली. पुढे एकदा उशीर झाला म्हणून सुगंधाबाईंनी मायेने तिला गाडीतून घरी सोडलं. भाईंदरला. श्रुतिका आभार मानून उतरली, एका अनोळखी इमारतीच्या जिन्यात उभी राहिली, आणि गाडी गेल्यावर भांडुपला परत आली.

देवव्रतने स्वतःचा आवाज खाली आणला.

"हे बघ, मला कळतं. माझे मामा बोलताना असेच अडायचे. तू गात असताना जीभ अडली, आणि मग तीच जागा तू धरून ठेवलीस. हुशारीने सांभाळलंस. आता सांभाळायची गरज नाही. मी सरळ करून ठेवलंय. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्याने बटण दाबलं. 'संध्याकाळी वेळ काढ, भांडुपला ये.' समेवर, बरोबर. ओळ गुळगुळीत झाली होती. ती आली आणि गेली. स्वतः देवव्रतनेही मान डोलावली नाही.

"हे नाही," श्रुतिका म्हणाली.

"मग ते दुसरं गाणं घेतील," सुलक्षणा म्हणाली. "मी स्पष्टच सांगते. डायरेक्टर थांबायला तयार नाहीत. एवढीशी जागा, यार. तेवढ्यासाठी सिनेमा सोडणार तू?"

श्रुतिका उठून देवव्रतच्या खुर्चीमागे गेली.

"सर, मी पाठवलेले सगळे टेक उघडा. एकाखाली एक."

त्याने उघडले. घरी, वेगवेगळ्या दिवशी गायलेले टेक. आवाजाच्या निळ्या रेषा एकाखाली एक उमटल्या. कुठे 'संध्याकाळी' थोडं लांबलं होतं, कुठे 'ये' लवकर संपला होता. माणसाचा आवाज असतो तसा. पण मधली कोरी जागा प्रत्येक ओळीत तेवढीच होती. वरपासून खालपर्यंत पट्टी लावून कापल्यासारखी.

देवव्रत पुढे झुकला. एका टेकवर त्याने माप लावलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मग पेन खाली ठेवलं.

"जीभ अडली असती तर ही कधी लांब झाली असती, कधी आखूड," तो सावकाश म्हणाला.

"गाताना माझी जीभ अडत नाही, सर. आजवर कधीच अडली नाही."

"मग ही जागा?" सुलक्षणाने विचारलं.

"ठेवलेली आहे."

"पण कशाला?"

श्रुतिकाने तोंड उघडलं. शब्द आला नाही. सुलक्षणा पुढे सरकली. तिच्याकडे एक शब्द तयार होता. श्रुतिकाने तळहात उभा धरून तिला थांबवलं. खोलीत एसीचा आवाज तेवढा राहिला.

"सिनेमा गेला तर जाऊ दे," ती म्हणाली. "सगळीकडे माझा शब्द दुसरेच उरकून टाकतात. या गाण्यात अख्खी मुंबई तोंड उघडून थांबते, आणि मी म्हटल्याशिवाय कुणाला भ... भ... भांडुप म्हणता येत नाही."