तिसरा गोल

आइस हॉकीचे संघ बदलता बदलता क्लेटनचे केस पिकायला आले, पण एका सामन्यात तीन गोल काही त्याच्या नशिबी आले नाहीत. दर हिवाळ्यात त्याचे वडील कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या गव्हाच्या शेतावरून गाडी हाकत त्याचा सामना बघायला यायचे. डोक्यावर कायम तीच तेलकट हिरवी टोपी. एकाच खेळाडूनं सामन्यात तीन गोल मारले की प्रेक्षक आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात, अशी या खेळातली रीत.

"सगळे फेकतात तशी मीही फेकीन की बर्फावर," ते म्हणायचे. "तू तीन गोल मार, मग बघ. तोवर ही डोक्यावरून हलायची नाही."

आज ते आले होते आणि तीन गोल झालेही, पण ते नुकत्याच संघात आलेल्या ब्रेडीचे. तिसरा तर क्लेटनच्याच पासवर. बर्फावर टोप्यांचा खच पडला आणि क्लेटनचा नुसता जळफळाट झाला.

"काका, माझ्या टोप्या गोळा करायला जरा हात लावा की," ब्रेडी दात काढत म्हणाला.

क्लेटन काठीनं टोप्या ढकलू लागला.

 

काठीपुढे तेलकट हिरवी टोपी आली, तेव्हा त्यानं वर पाहिलं. बाबा बोडक्या डोक्यानं टाळ्या वाजवत होते.